अरफाचा जीवाणू, माझी अळंबी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आणि अरफा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिलो, तेव्हा मी तिच्याच घरात राहत होते आणि तिच्याच अम्मीच्या हातचं जेवत होते.

मी राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला नगरला आले, पण हॉस्टेलमध्ये जागा मिळेना. वर्गातल्या अरफाशी तेव्हा नुकतीच ओळख झाली होती. ती म्हणाली, "आमच्या माडीवरची खोली रिकामीच असते. अब्बांना विचारते." तिचे अब्बा गनीभाई हे रंगारी. घरामागच्या अंगणातच त्यांच्या भट्ट्या होत्या. त्यांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आपल्या दोऱ्यांना रंग लागलेला असतो. पोरीची कापडं खराब व्हतील. तिला येगळी दोरी बांधा." त्या दिवसापासून ते माझे चाचा आणि रोशनबी माझ्या चाची.

चाचांकडे लग्नाच्या ओढण्या यायच्या, साडीला मॅचिंग अस्तरं यायची, फेटे यायचे. आज काय रंगवलं ते त्यांच्या नखांवरून कळायचं. उरलेलं रंगाचं पाणी अंगणातल्या नालीतून मागच्या ओढ्यात जायचं. ओढ्याच्या पलीकडे लंकाबाईचं भाजीचं रान होतं. ती पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला या बाजूला आली, आणि त्याची, म्हणजे गहिनीनाथची, कंबर धरल्यावर कोयता ठेवून इथंच राहिली. खंडानं घेतलेल्या त्या पट्ट्यात ती मेथी-कोथिंबीर पिकवायची. जाता-येता चाचीला एखादी जुडी द्यायची आणि चहा घेऊन जायची.

त्या श्रावणात पावसानं ओढ दिली. आमच्या डोंगरात भातं लावून झाली होती, आणि नगरला मात्र धूळ उडत होती. लंकाबाईनं ओढ्याच्या डबक्यात छोटी मोटर टाकून मेथीला पाणी दिलं. आठवडाभरानं ती सकाळीच दारात आली. हातात मेथीची जुडी होती. पानं पिवळी, मुळं काळपट आणि खुरटलेली.

"गनीभाऊ, ह्ये बघा."

चाचांनी जुडी हातात घेतली.

"भांडाया न्हाई आले मी," लंकाबाई म्हणाली. "भांडायचं आसतं तर चार मान्सं घिऊन आले आसते. निस्तं दाखवाया आले."

चाचीनं चहा ठेवला. लंकाबाई नेहमीसारखी पायरीवर बसली, चहा प्याली आणि गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर चाचांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. त्यांनी भट्टीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी मारलं.

"उभा जन्म त्या वढ्यात पानी सोडलं मी," दुपारी ते म्हणाले. "वढा काय बोलला न्हाई, म्हनून मी समजत गेलो, चालतंय."

घेतलेलं काम तेवढं पुरं करायचं आणि भट्टी कायमची बंद करायची, असं त्यांनी ठरवलं. चाची हळूच म्हणाली, "मग दिवसभर करणार काय?" त्यावर ते नखं कुरतडत बसले. अरफा हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच अश्विनी मॅडमकडे घेऊन गेली. आमचे प्रोजेक्टचे विषय ठरायचेच होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"रंग मोडणारे जीवाणू असतात," त्या म्हणाल्या. "आणि लाकूड कुजवणाऱ्या काही जंगली अळंब्याही रंग मोडतात. लाकूड पचवायला त्यांच्याकडे जी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात, ती रंगावरही चालतात. दोघींनी एकेक घ्या. पाणी एकच ठेवा. बघू, कोण काय करतं."

अरफाला जीवाणू शोधायला लांब जावं लागलं नाही. तिनं घरामागच्या नालीतला गाळ बाटलीत भरला. इतकी वर्षं रंगाच्या पाण्यात जगलेलं काहीतरी त्यात असणारच. मी घरी फोन लावला. आमच्या वाडीच्या खाली एक जुना आंबा उन्मळून पडलाय. पावसात त्याच्या खोडावर पंख्यासारख्या पांढऱ्या अळंब्या येतात, त्या आम्ही लहानपणापासून खातो. माझे वडील पुंजाराम म्हणाले, "उद्याच धाडतो." आणि खरंच, नगरला कामाला येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती त्यांनी डबा दिला.

तो डबा आला तेव्हा आम्ही दोघी कॉलेजात होतो.

संध्याकाळी घरी आलो तर जिन्यापर्यंत हिरव्या मसाल्याचा वास. चाची खुशीत होती. "दिपाली, तुझ्या वडलांनी काय सुंदर भाजी पाठवली गं! अगदी ताजी. लगेच करून टाकली."

मी पायरीवर बसले. अरफा आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिला हसू आवरेना, ती भिंतीला टेकून खालीच बसली. चाचीला कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि धावत जाऊन डबा आणला. तळाशी सागाचं पान होतं. त्याच्या घडीत एक अळंबी चिकटून राहिली होती. तिला मी रात्रभर कापडात जपून ठेवलं. बाकीची आम्ही खाल्ली. लंकाबाई येऊन गेल्यापासून चाचा धड जेवत नव्हते, त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "अशी असती व्हय अळंबी? मटनाला मागं सारती की!"

उरलेल्या त्या एका अळंबीच्या देठातला आतला कण मी प्रयोगशाळेत प्लेटवर ठेवला. थोड्याच दिवसांत त्यातून पांढरे धागे फुटले, कापूस पिंजल्यासारखे. माझी अळंबी जगली होती.

मग घरात दोन पक्ष पडले. चाची माझ्या बाजूनं, कारण अळंबीची चव तिच्या जिभेवर होती. चाचा अरफाच्या बाजूनं. "तिचा जंतू माझाच रंग पिऊन वाढलाय," ते म्हणायचे. "घरचं लेकरू हाय ते. त्येच जिंकनार."

आणि सुरुवातीला तसंच झालं. लालभडक पाण्याच्या फ्लास्कमध्ये अरफानं तिचा जीवाणू सोडला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायचं. माझ्या फ्लास्कमध्ये अळंबीचे धागे वर सायीसारखे पसरायचे, आणि पाणी दिवसामागून दिवस तसंच. शेवटी शेवटी रंग उतरायचा, पण पातळ कोकम सरबतासारखी झाक मागे राहायचीच.

"तुझी अळंबी राजूरच्या एसटीनं निघालीय," अरफा चिडवायची. "घाटात अडकली असेल बिचारी."

"तुझा जंतू अधाशी आहे. चावत नाही, गिळतो."

"गिळू दे. ताट तर साफ करतो!"

एक दिवस चाचा स्वतः कॅनमध्ये भट्टीचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत आले. ईदचा कुडता घालून आले होते. आम्ही त्यांना आधीचे फ्लास्क दाखवले. अरफाचा फ्लास्क त्यांनी दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेला. आपल्या हातानं घातलेला रंग गेलेला बघून रंगाऱ्याला वाईट वाटेल की काय, असं मला क्षणभर वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला, की मला माझा तो कोकमी फ्लास्क लपवावासा वाटला.

"आता लंकाबाईला बोलावतो," ते म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी अंगणातला जुना हौद घासून त्यात भट्टीचं पाणी भरलं. अरफानं जीवाणू वाढवून त्यात सोडला. वर फळ्या टाकल्या. हौदातलं पाणीसुद्धा निवळलं. चाचा दिवसातून कितीदा तरी फळी उचलून बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे.

अश्विनी मॅडम मात्र खुश दिसेनात. "रंग गेला, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण गेला म्हणजे त्याचं झालं काय? लंकाबाईंना सांगण्याआधी बिया घालून बघा."

म्हणून मी मेथी आणली. ओल्या कागदावर दाणे मांडले. एका प्लेटला साधं पाणी, एकीला भट्टीचं कच्चं पाणी, एकीला अरफाचं, एकीला माझं.

झाकणं काढली तेव्हा अरफा शेजारी होती. साध्या पाण्यातली मेथी तरारून उठली होती. कच्च्या पाण्यातली जवळजवळ मेली होती. माझ्या कोकमी पाण्यात मुळं जराशी तोकडी, पण पांढरी आणि सरळ होती. आणि अरफाच्या त्या काचेसारख्या पाण्यात बहुतेक दाणे फुगून तसेच पडले होते. ज्यांना मुळं फुटली होती ती तपकिरी, आखडलेली.

प्लेटवरची नावं चुकली असतील म्हणून मी पुन्हा पाहिली. चुकली नव्हती. प्रयोग पुन्हा लावला. पुन्हा तेच.

या सगळ्या महिन्यांत मी मनातल्या मनात जिंकण्याची किती तयारी केली होती! आणि आता अरफाचा चेहरा बघून वाटलं, माझीही मेथी मेली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जीवाणू रंगाच्या रेणूचे तुकडे करतो. तुकडे झाले की रंग दिसत नाही. पण तुकडे राहतातच, आणि तेच जास्त वाईट असतात. तुझी अळंबी ते तुकडेसुद्धा जाळते. मला पुस्तकातून माहीत होतं हे, दिपाली. तरी मला वाटलं, आपला तसा नसेल."

"आपला," ती म्हणाली. जीवाणूला.

घरी चाचा हौदाजवळच होते. अरफा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अब्बा, मी रंग काढला. विष नाही काढलं."

चाचांना आधी काही समजलं नाही. मग तिनं प्लेटा पुढे केल्या. आता ते हताश होऊन आत निघून जातील असं मला वाटलं. पण ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी तिलाही हाताला धरून खाली बसवलं.

"ही कुठल्या पान्याची? आन ही? मुळाशी काळं का झालं? नीट सांग मला. घाई नको करू."

अरफा सांगत गेली. ते मध्ये मध्ये विचारत गेले. तिच्या अभ्यासाबद्दल त्यांनी तोवर कधी काही विचारलं नव्हतं, "जेवलीस का" आणि "पास झालीस का" यापलीकडे. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत बाप-लेक अंगणात बसून होते. शेवटी ते म्हणाले, "बरं झालं, आधी कळलं. लंकाबाईच्या रानात पुन्हा ह्येच गेलं असतं, तर मी तोंड कुठं दाखवलं असतं?" आणि अरफा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

त्यानंतर माझ्याशी ती मोजकंच बोलायची. "जिंकलीस तू," एकदा म्हणाली.

"मला नाही जिंकायचं."

"तसं असतं का कुठं? मेथीनं निकाल दिलाय."

मग मी माझी अळंबी हौदात सोडायचं ठरवलं. जे फ्लास्कमध्ये झालं ते अंगणात झालं, तर चाचांची भट्टी पुन्हा पेटेल. अरफाच्या चेहऱ्यावरचं ते मळभही जाईल. मी धाग्यांचे गोळे वाढवून हौदात टाकले. ते दोन दिवससुद्धा टिकले नाहीत. प्रयोगशाळेत सगळं उकळून निर्जंतुक केलेलं असतं. इथं उघड्या पाण्यात हजार प्रकारचे जंतू होते, त्यांनी माझ्या अळंबीचा पार चिखल केला. असा वास सुटला की शेजारच्या गल्लीतून विचारणा झाली. चाचीनं खिडक्या लावून घेतल्या.

मी काठीनं तो चिखल काढत होते. अरफा ओढणीनं नाक दाबून आली. थोडा वेळ बघत राहिली आणि हसायलाच लागली. कितीतरी दिवसांनी हसली.

"अगं, तिला पोहायला कशाला लावतेस? ती खोडावर राहणारी!"

"मग काय करू? आंबा आणू राजूरहून?"

"आंबा कशाला? काड आण गव्हाचं. तिला घर दे आधी. मग पाणी तिच्या दारात आणू." ती काठीनं हौदाच्या कडेला रेघा ओढायला लागली. "आधी माझ्या जीवाणूला तुकडे करू दे. तेवढं तो झटपट करतो. मग ते पाणी तुझ्या अळंबीच्या काडावरून हळूहळू ठिबकू दे. तुकडे ती बघेल."

मॅडम म्हणाल्या, करून बघा. गव्हाचं काड लंकाबाईच्या ओळखीतून आलं. ते उकळायला एवढं मोठं भांडं कुठून आणायचं, असा प्रश्न पडला, तेव्हा चाचांनी रंगाची सगळ्यात मोठी डेग घासायला घेतली. बंद केलेली भट्टी काडासाठी पेटली. काड किती वेळ उकळलं की मऊ होतं पण लगदा होत नाही, हे त्यांनी दांड्यानं ढवळून ढवळून ठरवलं. त्यात अळंबीचे धागे मिसळून आम्ही पिशव्या भरल्या. पहिल्या खेपेला निम्म्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली आणि टाकून द्याव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला त्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. पिंपात एकावर एक रचून वरून हौदाचं पाणी ठिबकत सोडलं.

खालच्या बादलीत पडलेल्या पाण्यात मेथी उगवली. साध्या पाण्यासारखी तरारलेली नाही, पण मुळं सरळ, पानं हिरवी. चाचांनी तपासणीपुरते एकेक रंग उकळून दिले. लाल, गुलाबी, केशरी, सगळ्या रंगांच्या पाण्याला ते जमलं. काळ्याला जमलं नाही. काळ्या पाण्याची मेथी कितीही केलं तरी आखडायचीच.

"मग काळा बंद," चाचा म्हणाले.

"काळ्यालाच तर गिऱ्हाईक जास्त," चाची म्हणाली.

"असू दे. गुलाबी काय कमी सुंदर असतो?"

मग लंकाबाईला बोलावलं. तिनं हौद पाहिला, पिंप पाहिलं, मेथी बोटांत धरून वास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"लई राबल्या पोरी," ती म्हणाली. "पर गनीभाऊ, खरं सांगू का? भाजीला ह्ये पानी न्हाई घालनार मी. लोकांच्या पोटात जातं. आपून कसा भरवसा द्यावा?"

चाचांचा चेहरा उतरला. पण मॅडमनीही आम्हाला हेच सांगितलं होतं. एवढ्या तपासणीवर खायच्या पिकाला हात लावायचा नाही. चाचांनी हळूहळू मान डोलावली. "बरोबर हाय तुमचं."

"वढ्याच्या कडंचा तुकडा रिकामाच हाय," लंकाबाई म्हणाली. "तिथं शेवंती लावते. शेवंती कुनी खात न्हाई."

त्याच आठवड्यात चाचांनी आपल्या बोअरवरून ओढ्यापलीकडे तिच्या भाजीपर्यंत पाईप टाकून दिला. पाईप जोडायला गहिनीनाथ कंबरेला पट्टा बांधून बसल्या बसल्या मदत करत होता, आणि दोघं वाशर कुठला बसवायचा यावरून वाद घालत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून सर आले होते. आमचे तक्ते, फोटो, आकडे त्यांनी लक्ष देऊन बघितले. मग चष्मा काढून विचारलं, "थोडक्यात सांगा. दोघांत सरस कोण?"

"अळंबी," अरफा म्हणाली.

"जीवाणू," मी म्हणाले.

दोघी एकदमच बोललो होतो. सर गोंधळले. "पण जीवाणूवर काम कुणी केलंय?"

"मी," अरफा म्हणाली. "म्हणूनच सांगते सर. तो रंग लपवतो. ही काम पुरं करते."

"सर, ही बाहेरच्या पाण्यात दोन दिवस जगली नाही," मी म्हणाले. "तो नालीत, गाळात, कुठंही जगतो. त्यानं पुढं होऊन वाट केली नसती, तर हिला काही जमलं नसतं."

"तो नुसता घाई करतो सर."

"आणि ही नखरे करते."

अश्विनी मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. सरांनी आम्हाला गुण चांगले दिले, पण जाताना म्हणाले, "हे भांडण तुम्ही बाहेर जाऊन पुरं करा."

ते अजून पुरं झालेलं नाही. अरफा आता चाकणला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. मी आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्याला, कॉलेजात शिकवते. चाचांची भट्टी चालू आहे. हौद आणि पिंप ते दोघं नवरा-बायकोच सांभाळतात. जीवाणूचं त्यांना काही करावं लागत नाही, पण काडाच्या पिशव्या बदलाव्या लागतात, आणि दर वेळी काही ना काही बिघडतं.

परवा वर्गावरून बाहेर पडले तर चाचांचा फोन. "दिपाली बेटा, नव्या पिशव्या रुसल्यात. पांढऱ्याच होईनात. चाची म्हनती, काड जास्त शिजलं. मी म्हनतो, न्हाई."

मागून चाचीचा आवाज आला, "शिजलंच होतं! विचार तिला!"

"रविवारी येते चाचा," मी म्हणाले. "अळंबीचं नवं बियाणं घेऊन येते."

"ये. अरफाबी येनारे. आन लंकाबाईनं शेवंती ठिवलीय तुमा दोघींसाठी, आत्ताच सांगून गेली. सकाळच्याच गाडीनं ये बरं का. जेवायला इथंच."